शिकारीत नसलेली बाई

"ये, पुढं ये. चित्राशेजारी उभी राहा."

सर म्हणाले आणि मी गेले. सहावीचा वर्ग, इतिहासाचा तास. फळ्याशेजारी खिळ्याला तक्ता टांगला होता. त्यावर कातडं गुंडाळलेले चार पुरुष भाले घेऊन एका मोठ्या जनावरामागे धावत होते. खाली कोपऱ्यात गुहा. गुहेच्या तोंडाशी एक बाई, कडेवर पोर, पुढ्यात फळांची टोपली. मी त्या बाईच्या बाजूला उभी राहिले. सरांनी लाकडी पट्टी उचलली आणि माझ्या केसांना लावली.

"बघा मुलांनो. तेल नाही, फणी नाही. आता चित्रातले केस बघा." मग पट्टी खाली आली. "पाय बघा. आदिमानव शोधायला लांब जायला नको. आपल्या वर्गातच बसतो."

वर्ग हसला. चाळीस पोरं हसली. मीही हसले. हेच मला अजून गिळवत नाही. पट्टी माझ्या पायावर होती आणि मी दात काढून हसत होते. सगळे हसताहेत तर आपणही हसावं, म्हणजे आपण त्यांच्यातले, असं काहीतरी डोक्यात असावं.

गुन्हा काय होता माझा? हात वर केला होता. सर वाचून दाखवत होते, "पुरुष शिकारीला जात. स्त्रिया गुहेत राहून मुले सांभाळत, फळे व कंदमुळे गोळा करत." मी हात वर केला आणि म्हटलं, "सर, माझी आई डुकराला जाते."

"तुमचं वेगळं आहे. तुम्ही लोक अजून तिथंच आहात." असं म्हणून त्यांनी मला पुढं बोलावलं. सगळं दाखवून झाल्यावर म्हणाले, "आणि आदिमानवाच्या बायका शिकार करत नव्हत्या. पुस्तकात दिलंय. बस खाली."

आता बोला! आम्ही आदिमानव, हे सरांना पक्कं ठाऊक. मग आदिमानवाची बाई काय करते, हे त्याच्या पोरीला विचारायला नको? पण हे सुचलं घरी जाताना, ओढा ओलांडताना. वर्गात नाही सुचलं. वर्गात मी नुसती बसले आणि पाय बाकाखाली ओढून घेतले.

आम्ही कातकरी. पोलादपूरहून कापड्याकडे जाताना रस्त्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी होती. जमीन खोतांची. आमच्या खाली जी होती ती पण त्यांचीच, म्हणजे झोपडं आमचं आणि झोपड्याखालची माती त्यांची. बाप मी दुसरीत असताना कोळशाच्या भट्टीवर तापानं गेला. मला शाळेत उशिरा घातलेली, म्हणून सहावीत असले तरी वय तेरा-चौदाचं होतं. साल पंचाण्णव-शहाण्णवच्या आसपासचं.

बाप असताना तो शिकारीला जायचा आणि आईही जायची. बाप गेल्यावर आई एकटी जाऊ लागली. माग काढण्यात तिचा हात धरणारा वाडीत कुणी नव्हता, हे पुरुषही कबूल करायचे, अर्थात दारू पोटात असली तरच. भात पोटरीला आलं, लोंबी धरू लागलं की उमरठच्या बाजूच्या डोंगरातून डुकरं खाली उतरायची. रातोरात आख्खं शेत लोळवायची. मग खोतांचा माणूस वाडीवर यायचा आणि सरळ आमच्या दारात उभा राहायचा. आई सकाळी उठून जायची. झाडाच्या बुंध्याला लागलेला चिखल बोटानं चेपून बघायची. ओला किती, वाळला किती. कुठल्या उंचीला लागलाय. परत येऊन सांगायची, "दोन हायत. एक मोठा. कारवीच्या जाळीत निजलाय. खालच्या वाटेनं नाय निघायचा, वरच्या निघंल."

मग तिनं सांगितलेल्या वाटेवर खोत आणि त्यांचा मुलगा बंदूक घेऊन बसायचे. बंदूक शेतीच्या राखणीसाठी म्हणून मिळालेली. शिकारीला कायद्यानं बंदी, हे सगळ्यांना माहीत होतं. वाडीतली माणसं डबे वाजवत, ओरडत रान उठवायची. सगळ्यांच्या पुढं आई. हातात बरची. लांब बांबूला बसवलेलं लोखंडी पातं. बापाचीच होती ती.

आणि मग वाटे पडायचे.

हे नीट सांगते, कारण सगळं इथंच आहे. जनावर सोललं की सागाची पानं ओळीनं मांडायची. ज्याची गोळी लागली त्याला डोकं आणि एक तंगडी. खोतांना त्यांच्या रानाचा म्हणून वेगळा वाटा. मग प्रत्येक गड्याला एक पान. मग कुत्र्यांना अर्धं अर्धं. हो, कुत्र्यांना. जो कुत्रा रानात धावला त्याच्या नावानं पान मांडायचं, ही रीत. आईच्या नावानं पान नाही. बाप होता तेव्हा त्याच्या पानात तिचं धरलं जायचं. तो गेल्यावर तिनं एकदा विचारलं. खोत म्हणाले, "वाटा शिकाऱ्याचा असतो. बाई काय शिकारी हाय?" आणि आतडी तिच्याकडे सरकवली, धुऊन घे म्हणून. ती ओढ्यावर बसून धुवायची. लाल मिरची घालून रांधायची. मी चाटून पुसून खायची. खोटं कशाला बोलू, चवीला झकास लागायची.

वर्गातल्या त्या प्रकारानंतर पंधरा दिवसांची गोष्ट. शनिवार होता, सकाळची शाळा. मी दुपारी परत आले तर वाडी रिकामी. वर रानात डबे वाजत होते. मी दप्तर टाकलं आणि आवाजाच्या रोखानं चढले. आईला गाठलं तेव्हा ती ओढ्यावरच्या अरुंद वाटेवर होती. मला बघून चिडली. "कशाला आलीस गो? मागं रहा. झाडाला धरून रहा."

तेवढ्यात बार झाला. मग रान एकदम गप्प झालं. डबे थांबले. कुणीतरी लांबून ओरडलं, "फिरला! फिरला!" खोतांच्या मुलाची गोळी पोटाला लागली होती. पोटाला गोळी लागलेलं डुक्कर मरत नाही, उलटं फिरतं. कारवी हलताना दिसली. वरून खाली, सरळ आमच्याकडे.

आईला पळता आलं असतं. बाजूच्या दरडीवर एक उडी मारली असती तर सुटली असती. पण मागं मी होते. तिनं बरचीचा बुंधा जमिनीत रोवला, त्यावर पाय दिला, पातं पुढं धरलं आणि उभी राहिली. मी तिची पाठ बघत होते. ते आलं, पात्यावर चढलं, बांबू कडाडला आणि दोघंही पडली. डुकराचा सुळा तिच्या मांडीत घुसला होता. डुकरानं दोनदा पाय झाडले आणि ते मेलं. आई जिवंत होती. मला म्हणाली, "पदर फाड. वरती बांध. घट्ट, अजून घट्ट. रडतेस काय, बांध."

घोंगडीची डोली करून तिला रस्त्यावर आणली. खोतांची जीप होती. मागच्या सीटवर त्यांनी आधी गोणपाट अंथरायला लावलं, सीटला रक्त लागू नये म्हणून. मग आईला आत ठेवली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. खोत पुढं बसले. जीप चालू झाल्यावर मागं वळून न बघताच म्हणाले, "डॉक्टर विचारंल. काय सांगशील?"

मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले,

"लाकडं गोळा करायला गेली होती. डुकरानं मारलं. शिकार नाय, बंदूक नाय, कोन नाय. बोल."

मी मान हलवली.

"तोंडानं बोल."

"लाकडं गोळा करायला गेली होती."

"परत."

पोलादपूर येईपर्यंत त्यांनी माझ्याकडून ते वदवून घेतलं. आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "चुकलीस तर फॉरेस्टवाले तुझ्या आईला खाटेवरनंच उचलतील. मग तू एकटी पोर राहशील कुठं? जागा तर माझी हाय." अगदी काळजीनं विचारल्यासारखं विचारलं. माझ्या अंगावर तो सूर अजून येतो. कुणी फार शांत बोलायला लागलं की मला भीती वाटते, ती तेव्हापासून.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. चांगले होते बिचारे. पेन काढून म्हणाले, "काय झालं?"

"लाकडं गोळा करायला गेली होती."

त्यांनी लिहिलं. मी बघितलं लिहिताना. मला वाचता येत होतं, आमच्या वाडीत तेव्हा एकटीलाच. माझं वाक्य सरकारी कागदावर उतरलं. डॉक्टर म्हणाले, "एकट्या बाईनं लाकडं गोळा करायला इतकं आत जाऊ नये." तेव्हा आईनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. तिनं ऐकलं होतं.

बारा दिवस ती तिथं होती. चौथ्या दिवशी वाडीतला चुलता भाकरी घेऊन आला. आईनं पहिला प्रश्न विचारला, "डुकराचं काय झालं?"

"वाटं पडलं."

"कुत्र्यांना पडला?"

"पडला की."

"माझा?"

चुलता खाली बघत म्हणाला, "तुझा कसा पडंल? तू व्हतीस कुठं? खोत म्हनतात, तू लाकडाला गेलतीस."

आई भिंतीकडे तोंड करून पडली. भाकरीला शिवली नाही. मी तिथंच स्टुलावर बसले होते. आधी तिचा वाटा खोत खात होते. ह्या खेपेला मी खाल्ला. माझ्या एका वाक्यानं. जे डुक्कर तिच्या बरचीवर मेलं, त्या डुकराच्या आसपासही ती नव्हती, असं मी सांगितलं होतं, शुद्ध मराठीत. शाळेनं मला तेवढं शिकवलं होतं. आणि एक गोष्ट राहिली. आमचे सर खोतांच्याच माडीवर भाड्यानं राहायचे, जेवायचेही तिथंच. ते मटण त्यांच्याही ताटात गेलं असणार. कुणी माग काढला, कुणी मारलं, हे जेवताना बोलणं झालंच असेल.

दिवाळीच्या आधी सहामाही परीक्षा आली. आई घरी आली होती, काठी घेऊन उठायची, बसायची. इतिहासाच्या पेपरात प्रश्न होता, अश्मयुगातील स्त्रियांची कामे लिहा. तीन गुण. उत्तर मला पाठ होतं. वाक्य सुरूही केलं, 'स्त्रिया फळे व कंदमुळे गोळा' आणि 'गोळा' शब्दावर हात थांबला. जीपमधला तो सूर कानात आला. परत. परत बोल. मी लिहिलेलं खोडलं आणि खाली लिहिलं:

"अश्मयुगातल्या बायका काय करत होत्या ते कोणी बघितलेले नाही. माझी आई माग काढते. माझ्या आईने बरचीने डुक्कर मारले. तिला वाटा मिळाला नाही. जिला वाटा मिळत नाही ती शिकारीत नव्हती असे म्हणतात. तेव्हाच्या बायकांना पण वाटा मिळाला नसेल म्हणून त्या पुस्तकात नाहीत."

शूरपणानं लिहिलं नाही. रागानं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

सुट्टी संपली, शाळा भरली. दुसऱ्याच दिवशी निरोप, आईला घेऊन ये. आई काठी टेकत दीड तास चालली. आम्ही शाळेच्या ऑफिसात गेलो तर खोत खुर्चीत बसलेले. सर उभे. टेबलावर माझा पेपर. आईला आत कुणी बस म्हटलं नाही, ती दारातल्या पायरीवर बसली.

सर म्हणाले, "हे पान आपण काढून टाकू. नवीन पान देतो. पुस्तकात आहे तसं लिही. तीनपैकी तीन देतो."

मी पेन हातात घेतलं.

खोत म्हणाले, "पोरी, ह्या कागदाचा अर्थ कळतो का? ह्यात तू लिहून दिलंस की तुझ्या आईनं डुक्कर मारला. मी हा फॉरेस्टात दिला की झालं. पोलीस विचारणार पण नाय. लेखी हाय ना." आणि परत तोच सूर. "कशाला आईला आत घालतेस?"

खरं सांगते, पेन माझ्या हातात होतं. सरांनी कोरं पान पुढं सरकवलं होतं. तीन ओळींचं काम. आई वाचेल. झोपडं वाचेल. कुणाचं काय जाणार होतं? दहा हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बायका काही भांडायला येणार नव्हत्या.

मागून आईचा आवाज आला. "काय लिवलंय तिनं? वाचा की. मला कुठं वाचता येतंय."

सरांनी खोतांकडे बघितलं. मग वाचलं. सगळं वाचलं. ऑफिसात शिपाई होता, तो पण ऐकत उभा राहिला. वाचून झाल्यावर आई काठीवर जोर देऊन उठली, टेबलापाशी आली.

"एक चूक हाय त्यात."

सरांचा चेहरा उजळला. "बघ. आईच सांगतेय."

"एक डुक्कर नाय, दोन. गेल्या साली कड्याखाली पडलेला तो पन मीच मारलाय. बंदुकीनं नाय मेला तो. लिव गो ते."

खोतांच्या हातातली पान-तंबाखूची चंची तशीच राहिली. आई त्यांच्याकडे वळली. मालक म्हटलं नाही तिनं, पहिल्यांदाच. "द्या कागद फॉरेस्टात. मी जाते आत. आत इचारतील, बाई गं, बार कोनी टाकला? बंदूक कोनाची? मग मी काय सांगू? लाकडं गोळा करायला गेलती सांगू?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कागद फाडायची घाई आम्हाला नव्हती. त्यांना होती. इतके दिवस मी जी भीती आमची समजून उराशी धरली होती, ती त्यांची होती. मी पेन उघडलं. कोऱ्या पानाला हात लावला नाही. जुन्याच उत्तराखाली, त्यांच्या डोळ्यांदेखत, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'एक नाही, दोन.'

सरांनी तीनपैकी शून्य दिलं. शून्य तर शून्य.

फॉरेस्टात कागद गेला नाही. पण खोतांनी मार्गशीर्ष संपायच्या आत झोपडं उचलायला सांगितलं. वाडीतलं कुणी आमच्या बाजूनं उभं राहिलं नाही. त्यांच्या झोपड्या पण खोतांच्याच जमिनीवर. एक म्हातारी तर आईच्या तोंडावर म्हणाली, "पोरीला शिकवलीस आणि घर घालवलंस." चार माणसांनी येऊन कुडाच्या भिंती पाडल्या. आई बघत उभी होती. बरचीचं पातं तेवढं तिनं ढिगाऱ्यातून उचललं आणि पदरात बांधलं. आम्ही तुडीलकडे मावशीच्या आसऱ्याला गेलो. सावित्रीच्या काठी आई खेकडे, मासे धरू लागली. पाय कधीच सरळ झाला नाही. रानात ती परत गेली नाही. माझं एक वर्ष बुडालं. काही गोड झालं नाही, उगाच कशाला सांगू.

पुढं मी शिकले, पडत धडपडत. दोन हजार सालानंतर महाडला राहून इतिहास घेऊन बी.ए. केलं. पुस्तकं जाड झाली, वाक्य तेच राहिलं. पुरुष शिकारीला जात, स्त्रिया गोळा करत. एका पुस्तकात मात्र कबुली होती, की हाडांशेजारी हत्यार सापडलं की ती हाडं पुरुषाची, असं धरून चालायची पद्धत पडली होती. धरून चालायची! मी ते पान तीनदा वाचलं. वाचनालयात मोठ्यानं हसले. शेजारच्या मुली बघायला लागल्या. हसताहसता रडू आलं ते वेगळंच.

मला कुणी विचारतं, मग तुझं म्हणणं काय, तेव्हाच्या बायका शिकार करत होत्या का? मी सांगते, मला माहीत नाही. काही करत असतील, काही नसतील. मी तिथं नव्हते. तक्ता काढणाराही तिथं नव्हता. पण एक मला पक्कं माहीत आहे. सकाळी शिकारीत असलेली बाई संध्याकाळपर्यंत शिकारीत नव्हती, हे कसं करतात, ते मी जवळून बघितलंय. त्याला एक गाडी लागते, एक कागद लागतो आणि एक घाबरलेली पोरगी लागते.

गाडी त्यांची आहे. कागदही त्यांचाच आहे. पोरगी मिळणार नाही.